डबीतला किडा नर की मादी, ते कळवणे

मौजे जानेफळ, तालुका मेहकर,
जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड.
आश्विन वद्य षष्ठी.

राजमान्य राजश्री नारायणराव यांना जानेफळाहून भगवंतरावांचा नमस्कार पोचावा, तुमच्या ताईचा आशीर्वाद पोचावा, आणि हे दोन्ही पोचतील तेव्हा तुम्ही घरातच असावे, कारण सोबतचे पार्सल दारात पडून राहिले तर त्यातल्या जिवाचे हाल होतील. आम्ही सगळे सुखरूप आहोत (माझा डावा गुडघा सोडून, त्याला सुखरूप पाहिल्याचे मला आठवत नाही). तुमच्या पोटाचे कसे आहे? सौ. रुख्मिणीबाईंचा खोकला उतरला का? ओवा आणि गूळ द्यावा. मागल्या पत्रात तुम्ही लिहिले की शेतकी खात्यातल्या गोऱ्या साहेबाने तुमच्या अक्षराची तारीफ केली. ते ऐकून तुमच्या ताईने गल्लीत गूळखोबरे वाटले आणि माझा भाऊ साहेब झाला असे सांगितले. मी काही दुरुस्ती केली नाही. तुम्ही किड्यांच्या कपाटांवर चिठ्ठ्या लिहिता हे मला माहीत आहे, पण गावाच्या मते आता तुम्ही मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून सगळ्या किड्यांचे डेप्युटी कमिशनर आहात, आणि त्याच कारणाने हे पत्र लिहायची वेळ आली आहे.

तर पार्सलाविषयी. त्यात माझी तपकिरीची डबी आहे. झाकणाला दाभणाने भोके पाडली आहेत. डबी कानाशी नेऊन हलवू नये आणि उघडताना नाक जवळ नेऊ नये (कारण पुढे येईल, आणि माझ्या नाकावर ते अजून दिसते). आत एक खंडोबाचा किडा आहे. तोच तो हिरवा, पुढचे दोन पाय जोडून नमस्कार करत बसणारा, मान वळवून माणसाकडे टक लावून पाहणारा. वाटेतली शिदोरी म्हणून दोन माश्या सोबत सोडल्या आहेत. आत जिवंत काही आहे असे टपालवाल्याला सांगितलेले नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नये. तुम्ही फक्त किडा पाहायचा, जात कोणती ते लिहायचे, नर की मादी ते लिहायचे आणि खाली सही ठोकायची. काम एवढेसेच आहे, पण त्यावर आपल्या कोकिळेचे लग्न टांगले गेले आहे. ते कसे, हे सांगितल्याशिवाय तुम्हाला त्याचे गांभीर्य कळणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

बीबीच्या शेषरावांचा मुलगा अर्जुन, हे स्थळ कोकिळेला आले. घराणे चांगले, वावर काळेभोर, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. मुलगा सातवी पास, अंगाने धट्टाकट्टा, तंबाखूची सवय नाही. मी मुलीचा बाप, तेव्हा खोट काढणे माझे कर्तव्य होते आणि ते मी झटून केले. मुलाचे कान मोठे आहेत असे मी म्हणालो. तुमची ताई म्हणाली, "तुमचे कोणते बारके हायेत? मी केलीच ना निभावणी." मग मी म्हणालो की मुलगा फार कमी बोलतो. त्यावर तिचे म्हणणे पडले की तुमच्यासमोर दुसऱ्याला बोलायला सापडते कधी. मग मी म्हणालो की बीबी लांब आहे. यावर तिने नुसते माझ्याकडे पाहिले, आणि मी सरकीच्या भावाचा विषय काढला. (बीबी तशी फार लांब नाही. गाडी जुंपून मेहकरला एक मुक्काम केला की दुसऱ्या दिवशी जेवायला बीबी. पण परत यायलाही तेवढाच वेळ लागतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.)

आमच्या घराण्याची रीत तुम्ही ऐकून आहात, तरी न जाणो हे पत्र तुमच्या साहेबाला वाचून दाखवावे लागले, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्यात लग्नाला पत्रिका पाहत नाहीत, खंडोबाचा किडा बसवतात. मुलीच्या बापाने आंघोळ करून, कपाळी भंडारा लावून, अनवाणी आपल्या वावरात जायचे आणि उघड्या हाताने किडा आणायचा. देवापुढे तांब्याच्या ताम्हणात त्याला मधोमध ठेवायचे. त्याच्या उजव्या हाताला भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, एक रास आणि डाव्या हाताला एक. किडा उजव्या राशीवर चढला तर होकार, डाव्या राशीवर चढला तर नकार. इथवर सरळ आहे. गोम पुढे आहे. किडा नर असला तर तो खुद्द खंडोबा, त्याचा शब्द जसाच्या तसा घ्यायचा. मादी असली तर ती म्हाळसा, आणि देवाने बानूबाईला घरात आणल्यापासून म्हाळसाबाई रुसलेल्या आहेत, म्हणून त्या सांगतील त्याच्या उलट धरायचे. मादीचा नकार म्हणजे होकार, होकार म्हणजे नकार. ही रीत कोणी घातली ते माहीत नाही, पण बाईमाणसाने घातली नसावी असे तुमची ताई म्हणते. आजवर या रितीची कधी अडचण आली नव्हती, कारण किडा नर की मादी हे आजवर कोणी पाहिलेच नव्हते. घरचा कर्ता पुरुष म्हणेल ते.

दसरा झाल्यावर शेषराव आणि अर्जुन कौल पाहायला आले. बैठकीत त्यांच्यासोबत आमचे चुलतभाऊ उकंडराव बसवले होते. (उकंडरावांनी एकदा अकोल्याला शेतकीचे प्रदर्शन पाहिले, तेव्हापासून त्यांना न कळणारा विषय उरलेला नाही.) मी आंघोळ करून निघालो. अंगावर धोतराशिवाय काही नको अशी रीत आहे, म्हणून मी चष्माही काढून ठेवला. हा अर्थ मी माझ्या मनाने लावला आणि तो चुकला, कारण पहिल्या खेपेला मी जे घेऊन आलो तो साधा नाकतोडा निघाला. त्याने ताम्हणातून उडी मारली ती थेट उकंडरावांच्या चहात. उकंडरावांनी तो बोटाने काढून चहा पिऊन टाकला आणि हा किडा ती जात नव्हे असा निकाल दिला, जो त्यांच्या आयुष्यातला एकमेव बरोबर निकाल असावा. दुसऱ्या खेपेला मी चष्मा घालून गेलो. तुरीच्या झाडावर बोटाएवढा हिरवागार किडा हात जोडून बसलेला दिसला. हा तोच का, म्हणून मी वाकून पाहिले, तेव्हा त्याने जोडलेले हात सोडले आणि माझे नाक धरले.

नारायणराव, त्या पायांना करवतीसारखे दाते असतात हे तुम्ही कधी सांगितले नव्हते. ओढून काढावा तर त्याचा पाय तुटून अपशकुन व्हायचा. म्हणून नाकावर किडा, कपाळी भंडारा आणि डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत मी शेताच्या धुऱ्यावरून पांदीच्या वाटेला आणि तिथून गावात आलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. पारावरच्या म्हाताऱ्यांनी उठून नमस्कार केला. तो मला होता की किड्याला, ते मी विचारले नाही.

मग त्याला ताम्हणात बसवले. त्याने आधी मांजरासारखे तोंड पुसले, पुढचे पाय चाटले, मान फिरवून एकेकाकडे नीट पाहिले. कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराचे टोक बोटाला गुंडाळत. किडा उजवीकडे झुकला, थांबला, हलला, आणि वळून तुरुतुरु डाव्या राशीवर चढला. नकार. माझ्या छातीवरचे ओझे एकदम उतरले, म्हणजे चढले (शाईने लिहिलेले खोडत नाही, चढले असे वाचावे). मी फार दुःखी चेहरा करून शेषरावांना म्हणालो की देवाच्या मनात नाही, आपला काय इलाज. तेव्हा शेषराव, सावकाश सुपारी कातरत, म्हणाले, "देवाचं खरं हाये भगवंतराव. पण हा देव हाये का देवी, ते कोण पाह्यलं?"

झाले काय की शेषरावांची आई आमच्याच भावकीतली. उलटसुलटीची सगळी रीत त्यांना पाठ. किडा मादी ठरला की नकाराचा होकार होतो, हे त्यांनी मला माझ्याच बैठकीत, माझीच सुपारी खाऊन समजावले.

मी मदतीसाठी उकंडरावांकडे पाहिले, आणि हीच चूक झाली. उकंडराव म्हणाले की नरमादी मागाहून, आधी जात ठरू द्या, कारण नमस्कार करणारा प्रत्येक किडा खंडोबाचा नसतो. तोवर मला वाटत होते की ही एकच जात आहे. पण मग जो तो वावरात धावला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या ओसरीवर निरनिराळ्या जातींची पंगत बसली. एक तुरीवरचा हिरवा, पंखावर पांढरा ठिपका असलेला. एक धुऱ्यावरच्या गवतातला, इतका बारीक आणि लांब की काडी समजून उकंडरावांनी दातात घालायला उचलला. एक बाभळीच्या सालीवरचा चपटा, सालीच्याच रंगाचा. एक झेंडूत बसलेला नखाएवढा, पंखावर डोळ्यासारखे गोल काढलेले. सगळ्यांचे हात जोडलेले. अर्जुन आणि कोकिळाही शोधायला गेले होते (तुमच्या ताईला पुढे घालून, गैरसमज नसावा). त्या दोघांना एकही किडा सापडला नाही आणि तरी दोघेही फार आनंदात परत आले. हे मला मुळीच आवडले नाही. त्यातच तुरीवरच एक तपकिरी निघाला, बाकी सगळा हिरव्यासारखा. उकंडराव म्हणाले की ही बानूबाई, धनगराची लेक, उन्हात हिंडून रापलेली. बानूबाईचा कौल सरळ धरायचा की उलटा, यावर तासभर वाद झाला. हिरवा आणि तपकिरी एकाच जातीचे असू शकतात का, तेही चिठ्ठीत लिहावे.

शेवटी ठिपक्याचा हिरवा तोच खंडोबाचा, यावर आमचे एकमत झाले, मुख्यतः जेवणे खोळंबली होती म्हणून. दुसऱ्या दिवशी नर की मादी. उकंडरावांची परीक्षा अशी की डोक्यावरच्या मिशा लांब असतील तर नर. शेषरावांनी विचारले की लांब म्हणजे किती, तर उकंडरावांनी स्वतःच्या मिशीला पीळ दिला. शेषरावांची परीक्षा अशी की पोट सुटलेले असेल आणि पंखात मावत नसेल तर मादी. हे बोलताना ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो की पोटावरून ठरवायचे तर या बैठकीत नर म्हणून एकटा अर्जुनच उरेल. मग मला तुमची आठवण झाली. एका दिवाळीत ओट्यावर बसून तुम्ही सांगितले होते की यांच्या पोटाच्या खालच्या बाजूला कड्या असतात, एकाला सहा आणि एकाला आठ. सहा आणि आठ हे मला पक्के आठवते. कोणाला सहा आणि कोणाला आठ, ते आठवत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी चकल्या आल्या. तरीही आम्ही मोजायला घेतले. उकंडरावांनी किडा उलटा धरला, मी भिंग व्हावे म्हणून माझा चष्मा शेषरावांच्या चष्म्यावर धरला. उकंडरावांना सहा दिसल्या, शेषरावांना सात, मला आठ. सात कोणालाच नसतात, असे मी शेषरावांना सांगितले, तर ते म्हणाले की मग दोन्ही बाजूंना एकेक कडी सोडून समेट करा. एवढ्यात किड्याने उकंडरावांचा अंगठा धरला आणि मोजणी तहकूब झाली.

मग शेषरावांनी तोडगा काढला की दुसरा किडा आणून सोबत ठेवू. मादी नराला खाते, तेव्हा खाईल ती मादी. मी तुरीवरून दुसरा ठिपक्याचा आणला, दोघांना पितळी पातेल्यात घातले आणि वर तुमच्या ताईचे सोवळ्याचे फडके बांधले (त्याबद्दल वेगळे ऐकून घेतले, ते इथे लिहीत नाही). सकाळी फडके सोडले तर आत एकच किडा, तृप्त चेहऱ्याने पाय चाटत, आणि बाजूला दोन पंख. शेषराव टाळी देऊन म्हणाले की लागला निकाल, ही मादी. मी म्हणालो, उपाशी नरही खात असेल; आणि मादीच धरली, तरी उरली कोण? कौल देणारा उरला की पाहुणा? दोघेही हिरवे, दोघांनाही ठिपका. उकंडराव म्हणाले की कौल देणाऱ्याच्या पायाला भंडारा लागला होता, पाय पाहा. पायाला पिवळे होते खरे. पण मी असा मुद्दा काढला की भंडारा लागलेल्याला ज्याने खाल्ले त्याच्याही पायाला भंडारा लागणारच. नारायणराव, मी वकील व्हायला पाहिजे होतो.

या सगळ्यात तुमच्या ताईचा संयम सुटला. तिने विळी बाजूला ठेवली आणि बैठकीच्या मधोमध येऊन विचारले की मादीचा शब्द उलटा काऊन धरायचा? "मी या घरात नाई म्हटलं का नाई असते. तुमी उलटं धरता, अन मंग मले पन्नास माणसाच्या पोळ्या लाटा लागते." तेव्हा शेषरावांनी विषय सावरायला म्हणून म्हटले की आपण इतके भांडतो, मुलीला तर विचारलेच नाही. कोकिळेला बोलावले. ती आली, खाली पाहिले, आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मले पसंत हाये."

अर्जुनचे कान लाल झाले (मोठे असल्यामुळे फार दिसले). शेषराव हसायला लागले. आणि त्याच क्षणी उकंडरावांनी बोट वर केले. ते म्हणाले की शेषराव, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे मादीचा शब्द उलटा, तर मग मुलीच्या होकाराचा नकार झाला की नाही? शेषरावांचे हसणे अर्ध्यावर राहिले. म्हणजे पाहा, किडा मादी धरून रीत खरी मानली तर किड्याचा होकार होतो पण कोकिळेचा नकार होतो. रीत खोटी मानली तर कोकिळेचा होकार होतो पण किड्याचा नकार होतो. कुठूनही गेले तरी एक होकार आणि एक नकार. मी उकंडरावांना तिथल्या तिथे मिठी मारली असती, पण ते बरे दिसले नसते. कोकिळा आत निघून गेली. तिने भांडी घासायला घेतली, आणि ती जरा जास्तच वाजत होती.

म्हणून सर्वांनी शपथ घेऊन असे ठरवले आहे की तुमचा लेखी निकाल अखेरचा. उरलेला किडा तोच मूळचा, असे दोन्ही बाजूंनी मान्य केले आहे. तुम्ही नर लिहिले तर सगळे मिटले, कौल सरळ, नकार कायम, कोकिळेने काही म्हटले तरी खुद्द देवापुढे इलाज नाही. मादी लिहिले तर रीत, मुलगी, ताई आणि उकंडराव हे सगळे परत पहिल्यापासून. तुमच्यावर कसलेही दडपण आणण्याची माझी इच्छा नाही. मला आठ कड्या दिसल्या होत्या आणि आठ नरालाच शोभतात, एवढेच सांगतो. निकाल लवकर धाडावा, कारण तो आल्याशिवाय शेषराव हलत नाहीत आणि घरी रोज पुरण शिजत आहे. मुलांना माझे आशीर्वाद, रुख्मिणीबाईंना ओवा, आणि तुमच्या साहेबाला, त्याला चालत असेल तर, रामराम.

आपला,
भगवंतराव

ता. क. : आज अष्टमी. टपालवाल्याला ताप आला म्हणून पत्र इथेच आहे. सकाळी माश्या घालायला डबी उघडली तर झाकणाच्या आतून साबणाचा फेस वाळावा तसा काही गोळा चिकटलेला, बोराएवढा, आणि किडा एकदम सडपातळ झालेला. उकंडराव म्हणतात की कोंडून ठेवल्यामुळे नराला राग आला आणि तोंडाला फेस आला. हे मला पटण्यासारखे वाटते. तुम्हीही असेच लिहावे.

ता. क. दुसरे, हे फक्त तुमच्यासाठी, वाचून फाडून टाकावे. नारायणराव, मी जन्माचा शेतकरी. असले फेसाचे गोळे तुरीच्या काड्यांवर लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्यातून मुंगीएवढी पोरे लोंबत बाहेर पडताना पाहिली आहेत. ती अंडी आहेत. किडा मादी आहे. माझ्या घराण्याच्या रितीने देवाचा होकार आहे. तरी तुम्ही नर लिहा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. स्थळ वाईट नाही. मुलगा चांगला आहे, कानही शोभतात. पण मला कोकिळा द्यायची नाही. वावरातून आलो की ती उंबऱ्यात लोटा घेऊन उभी असते. मग ती वर्तमानपत्र वाचते, मी मध्येमध्ये चुकीचे काही सांगतो आणि ती मला न दुखावता बरोबर काय ते सांगते. ती गेल्यावर मी कोणासमोर शहाणा व्हायचे? तुमच्या ताईसमोर होता येत नाही. कोकिळा या दारातून बाहेर पडेल आणि पुढच्या वेळी पाहुणी म्हणून येईल, हा विचार मला सहन होत नाही. मला एखादे वर्ष मिळवून द्या. सही जरा मोठी करा.

ता. क. तिसरे. नवमी. घोटाळा झाला आहे. पाकिटावर पत्ता कोकिळाच घालते (माझे अक्षर टपालात कोणाला लागत नाही), म्हणून सवयीने पत्र तिच्या हाती दिले, आणि तिने पत्ता घालायच्या आधी सगळे वाचले. मी ओसरीवर बसलो होतो. ती येऊन शेजारी बसली. मला वाटले आता रडेल किंवा आईला हाक मारेल. तिने दोन्ही केले नाही. ती म्हणाली, "बाबा, मी बीबीले जाऊन राह्यली, काळ्या पाण्यावर नाई." मी विचारले, तुले जायचंच हाये का? ती म्हणाली, "हाव." मग म्हणाली, "अन तुमाले सोडवत नाई, तं मले काय सोडवते काय?" आणि मला तपकिरीशिवायच शिंका आल्यासारखे झाले.

म्हाळसेची ती रीत किड्यापुरती राहू द्या. कोकिळेचा होकार मी सरळच धरला. लगेच बैठकीत जाऊन शेषरावांना झाकणावरचा गोळा दाखवला, मादी आहे म्हणून सांगितले आणि व्याही म्हणून त्यांच्या गळ्यात पडलो. उकंडरावांनी पुन्हा बोट वर केले, की किड्याचे ठीक, पण मुलीच्या होकाराचे काय? तुमच्या ताईने त्यांच्याकडे नुसते पाहिले आणि उकंडरावांना शेतातले काम आठवले. किडा कोकिळेने तुरीवर सोडून दिला. तेव्हा पार्सल येणार नाही आणि तुम्ही त्यासाठी घरात थांबू नये. हे पत्र मी फाडून नवे लिहिणार होतो, पण कोकिळा म्हणाली की जसे आहे तसेच जाऊ द्या, मामाला सगळे कळू द्या.

ता. क. शेवटचे. लग्न मार्गशीर्षात, चंपाषष्ठीनंतरच्या मुहूर्तावर. रुख्मिणीबाईंना आणि मुलांना घेऊन आठ दिवस आधी या, मोटारीने मेहकरपर्यंत, पुढे मी गाडी घेऊन येतो. आणि नारायणराव, नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणजे तुमचा. आमच्या देवघरापासून मांडवापर्यंत अंतर फार नाही. मी मांडवात उभा असेन. तुम्ही जरा सावकाश चाला.